फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया की ब्यूक लसेबर?
ऐसपैस, आरामशीर जुनी अमेरिकन सेडान हवी असेल, तर घरी दुरुस्ती करणाऱ्याने फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाच घ्यावी. बॉडीपासून वेगळी चासी (खालचा सांगाडा), मागच्या चाकांना ड्राइव्ह, 4.6 लिटर व्ही-8; अमेरिकेत पोलीस आणि टॅक्सीवाल्यांची एके काळची लाडकी, त्यामुळे भंगारातही सुटे भाग मुबलक. 1996 ते 2001 च्या अनेक गाड्यांत प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा पोचवणारा भाग) पुढून तडकतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) अल्टरनेटरजवळ, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागाजवळ, झिरपतं. बदलताना पुढचा भाग ॲल्युमिनियमचाच घ्या.

ब्यूक लसेबर (2000–2005) पेट्रोल कमी पिते आणि बर्फात बरी चालते. तिच्या 3.8 लिटर व्ही-6 चे दोन प्लास्टिक कूलंट एल्बो (वाकडे नळीजोड) उष्णतेने ठिसूळ होतात. काढताना तुटलेले तुकडे भोकातून पूर्ण साफ करूनच नवे बसवा. मागचे तीन स्पार्क प्लग मात्र फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे), हात जेमतेम पोचतो.

बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवरची गाडी असेल, तर दोन्हींच्या ब्रेक लाइन (ब्रेकच्या नळ्या) गंजल्यात का ते आधी बघा.