मोबाईलवरचा टेलिप्रॉम्प्टर : गिटार शिकवणाऱ्यांनी घ्यावा का?

आधीच सांगून टाकते, वस्तू वाईट नाही. पण कॅमेऱ्यासमोर बोलायची भीती जाईल म्हणून कोणी घेत असेल तर जरा थांबा. टेलिप्रॉम्प्टर म्हंजे बोलायचा मजकूर लेन्ससमोरच्या काचेवर दाखवणारा डबा, तो तुमची नजर सरळ करतो, भीतीचं बघायला तो काही येत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तोच माल ऑनलाइन पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटोत सगळे सेम दिसतात, त्यामुळे नावापेक्षा काय तपासून घ्यायचं ते सांगते.

मी वेंगुर्ल्यात गिटार शिकवते. आमच्याकडे क्लासचा सीझन म्हंजे मे महिना आणि मग गणपती, मुंबईची पोरं आजीकडे येतात, चार कॉर्ड शिकतात, बोटं दुखतात म्हणून रडतात, आणि जरा कुठे सूर लागायला लागला की तुतारी नाहीतर मांडवी एक्सप्रेस पकडून परत. मग आईबाबांचे मेसेज, टीचर पुढचं व्हिडिओत पाठवा ना. आता क्लासमध्ये मी तोंड बंद करत नाही अशी माझी ख्याती आहे, पण ट्रायपॉडवर मोबाईल लावला की "नमस्कार, आज आपण" याच्या पुढे गाडी सरकत नाही. कारण साधं आहे. समोर पोरगं बसलेलं असतं तेव्हा त्याच्या तोंडावर दिसतं की कळलं की नाही, भुवया वर गेल्या की आपण परत सांगतो, हसलं की पुढे जातो. लेन्स काही भुवया वर करत नाही. त्यात शब्द आठवायला म्हणून आपण छताकडे बघतो, नाहीतर स्क्रीनवर स्वतःचे केस बघत बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं बाईला काही येत नाही. म्हणून हा प्रॉम्प्टर मागवला, अडीच हजाराच्या आसपास पडला.

डब्यात काय येतं तर घडी घालायचं काळं कापडी हूड, तिरकी बसणारी काच, मोबाईल ठेवायचा खाचा, ट्रायपॉडचा स्क्रू आणि एक बोटाएवढा ब्लूटूथ रिमोट. काम कसं चालतं ते बातम्यांच्या स्टुडिओत असतं तसंच. एक मोबाईल खाली आडवा, त्यावर मजकूर उलटा म्हंजे आरशातल्यासारखा, 45 अंशात बसवलेल्या काचेवर तो सुलटा होऊन दिसतो, आणि काचेच्या मागे दुसरा मोबाईल रेकॉर्ड करतो. त्याला अक्षरं दिसत नाहीत, तुम्ही दिसता. म्हंजे लक्षात घ्या, मोबाईल दोन लागतात! हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. माझा जुना फोन कपाटात पडून होता म्हणून जमलं.

काच हीच खरी वस्तू आहे, बाकी सगळं प्लास्टिक. चांगल्या काचेच्या एका बाजूला पातळ कोटिंग असतं आणि ती बाजू अक्षरांच्या मोबाईलकडे यायला पाहिजे. उलटी बसवली किंवा साधीच काच दिलेली असली तर प्रत्येक अक्षराच्या मागे त्याचं भूत दिसतं, अनुस्वार दोन-दोन, वेलांट्या डबल, वाचताना डोळे फिरतात. ओळखायची खूण म्हंजे पेनाचं टोक काचेला टेकवायचं, टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकाला चिकटलेलं दिसलं तर ती कोटिंगची बाजू, मध्ये फट दिसली तर मागची. पार्सल आलं की हे पहिलं करा. माझ्या सेटमध्ये काच 70/30 आहे, म्हंजे 70 टक्के उजेड आरपार जातो आणि 30 टक्के परत फिरतो, त्यामुळे व्हिडिओ थोडा काळवंडतो. दिवसा खिडकीसमोर बसलं तर जाणवत नाही, रात्री एका ट्यूबवर जाणवतं. आणि ट्यूबखाली शूट करत असाल तर शटर स्पीड 1/50 नाहीतर 1/100 सेकंदावर ठेवा, नाहीतर आपल्या 50 हर्ट्झच्या लाइटमुळे चित्रात पट्टे फिरत राहतात.

आता ज्याच्यासाठी घेतला ते. नजरेचं काम हा प्रॉम्प्टर अगदी चोख करतो, शंभरपैकी शंभर. तुम्ही अक्षराकडे बघता आणि समोरच्याला वाटतं त्याच्याकडे बघताय. फक्त जवळ बसू नका. तीन-चार फुटांवर बसलात तर डोळे डावीकडून उजवीकडे पळताना स्पष्ट दिसतात, सहा-सात फूट लांब गेलात की ते दिसत नाही, गिटारची मान पण पूर्ण फ्रेममध्ये येते, दोन्ही कामं होतात. लांब गेलं की फाँट मोठा करायला लागतो आणि मोठ्या फाँटमध्ये देवनागरीच्या एका ओळीत तीन-चार शब्दच बसतात, ते चालतं, उलट बरंच आहे. मागच्या कॅमेऱ्याने शूट होतं म्हणून स्वतःचं तोंड दिसत नाही, हा तर मला सगळ्यात मोठा फायदा वाटला. सेल्फी कॅमेऱ्यात अजून एक भानगड असते, प्रीव्ह्यू आरशासारखा उलटा, उजव्या हाताची गिटार डावखुरी दिसते, काही फोन तसंच सेव्ह करतात आणि मग पोरं विचारतात टीचर तुम्ही हात बदललात का.

पण गिटार शिकवायला लागलं की खरी गंमत. प्रॉम्प्टर बनलाय नुसतं बोलणाऱ्यासाठी. आपले दोन्ही हात अडकलेले, रिमोट धरणार कुठे? मजकूर आपोआप सरकत ठेवला तर तुम्ही C कॉर्ड लावून दाखवायला खाली बोटांकडे बघता आणि वर बघता तेव्हा मजकूर पार F पर्यंत गेलेला असतो. आवाज ऐकून सरकणारा ऑप्शन ॲपमध्ये आहे, पण माझं मराठी त्याला झेपत नाही, आणि मध्येच तार वाजली की तो पूर्णच गोंधळतो. उपाय एकच, पायाने दाबायचं पेडल. नोटेशनची पानं उलटायला वादक वापरतात ते ब्लूटूथ पेडल जोडलं जातं, पण ते वेगळं घ्यायला लागतं आणि त्याची किंमत प्रॉम्प्टरपेक्षा जास्त आहे, त्यामुळे मी रिमोटच डबल टेपने फळीला चिकटवून अंगठ्याने दाबते. पायाच्या अंगठ्याने. चप्पल काढून. व्हिडिओत दिसत नाही म्हणून बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, पूर्ण वाक्यं लिहून वाचली तर बोलणं मरतं. मी एक धडा मुद्दाम अख्खा लिहून वाचला आणि तोच धडा नुसत्या मुद्द्यांवर बोलले, दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकले. पहिल्यावर काकीचा व्हॉइस मेसेज, "गो, तू शिकवतंस काय बातम्यो वाचतंस?" विषय संपला. लिहिताना आपण "आता आपण अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर स्थलांतरित करूया" असलं काहीतरी लिहितो, असं क्लासमध्ये कोण बोलतं! तिथे आपण म्हणतो, बोट उचल, वरच्या तारेवर ठेव, बस.

आमच्या भागात हे नवीन सांगायला नको खरं तर. जत्रेत दशावतार बघतो ना आपण, मोचेमाडकर म्हणा, आरोलकर, पार्सेकर, कुठलीही कंपनी घ्या, लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, कोण कधी येणार ठरलेलं, आणि संवाद उभ्या रंगमंचावर तिथल्या तिथे. रात्रभर. अडखळत कोणी नाही, कारण त्यांना शब्द पाठ नसतात, गोष्ट पाठ असते. गिटारच्या धड्याला हेच लागू. आपल्याला C ते G कसं जायचं हे झोपेत पण येतं, मग त्याची वाक्यं कशाला पाठ करायची.

तर आता माझ्या प्रॉम्प्टरवर एका धड्याला मोजकंच लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ C ते G चा धडा: "नाव + आज काय", "C दाखव, थांब", "अनामिका + मधलं, जोडीने एक तार वर", "करंगळी पहिली तार तिसरा फ्रेट", "तर्जनी सोड", "हळू 4 वेळा, न बोलता", "चूक: मनगट", "गृहपाठ". एवढंच. (फ्रेट म्हंजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी.) अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून सहाव्याच्या तिसऱ्यावर, मधलं बोट चौथ्याच्या दुसऱ्यावरून पाचव्याच्या दुसऱ्यावर, दोन्ही बोटांचा आकार तोच राहतो, फक्त जागा सरकते. हे समजावताना मी स्क्रीनकडे बघतच नाही, बोटांकडे बघते, आणि पोरांनी पण बोटांकडेच बघायला पाहिजे ना! नजर सारखी लेन्समध्ये खुपसून ठेवायची गरज गिटारच्या व्हिडिओत नाहीच. सुरुवातीचं अर्धं मिनिट, चूक सांगताना, आणि शेवटी गृहपाठ देताना, बस, तेवढ्यापुरतं बघणाऱ्याकडे बघा. त्या तीन जागी प्रॉम्प्टर सोन्यासारखा.

"थांब" हा शब्द मी मोठ्या अक्षरात लिहिते. वाजवताना बोलायचं नाही आणि बोलताना तारा छेडायच्या नाहीत, ही एक सवय लावली की अर्धा आत्मविश्वास असाच येतो. घाबरलं की हात आपोआप काहीतरी वाजवत राहतो, आणि मग आवाज पण चढवायला लागतो. कॉलर माईक लावत असाल तर गिटारच्या पट्ट्यापासून लांब लावा, घासल्याचा खरखर आवाज येतो, आणि फोनमधलं किंवा माईकमधलं नॉइज कॅन्सलिंग बंद करा, ते लांबवलेल्या कॉर्डला गोंगाट समजून गिळून टाकतं, तुम्ही G वाजवता आणि ऐकणाऱ्याला नुसता टक् ऐकू येतो. रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज बारीक वाटेल, त्याचं टेन्शन घेऊ नका. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून तसा डोक्याच्या हाडांतून पण कानाला पोचतो, म्हणून आपल्याला तो भारदस्त वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडातला भाग नसतो. बाकी जगाला तुम्ही पहिल्यापासून तशाच ऐकू येता.

भाषेचं पण एक. सुरुवातीला मी व्हिडिओत पुण्याची होत होते, "आपण पाहणार आहोत", "अतिशय सोप्या पद्धतीने". क्लासमध्ये मी निम्मं मालवणीतच बोलते. आता व्हिडिओत पण मध्येच "गो बाय, मनगट सैल सोड" जातं, आणि अंधेरीतली पोरं तेवढंच रिपीट करून दाखवतात. प्रॉम्प्टरवर मुद्दे असले की हे आपोआप येतं, वाक्यं असली की येत नाही.

आता कोकणात वापरायचं म्हटलं तर काही अडचणी आहेत ज्या रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही. खारं वारं. मी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर एकदा बाहेर शूट करून बघितलं, सीन झकास, पण हूड पतंगासारखं फुगतं, माईकमध्ये नुसता वारा, आणि काचेवर खाऱ्या पाण्याचा चिकट थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसू नका, कोटिंगवर ओरखडे उठतात, आधी ओलं मऊ फडकं. स्क्रू गंजायला लागलाय, त्याला खोबरेल लावते. पावसाळ्यात काच आणि लेन्स दोन्ही हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, नाहीतर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग येतात ते जात नाहीत. काळं हूड तर पहिल्या पावसातच पांढरं पडलं, उन्हात घालून झटकलं. आणि आमच्या पडवीवर पत्रा आहे, जूनमध्ये पाऊस एकदा सुरू झाला की प्रॉम्प्टर असो नसो, रेकॉर्डिंग बंद. त्या दिवसांत गिटारचं लाकूड पण फुगतं, तारा फ्रेटपासून वर जातात, F लागता लागत नाही, म्हणून अवघड धडे मी एप्रिलमध्येच उरकून ठेवते.

घ्यायचा का मग? एकटीने शूट करता, घरात दुसरा मोबाईल आहे, आणि व्हिडिओची सुरुवात-शेवट बोलताना डोळे इकडेतिकडे पळतात, तर घ्या, पैसे वसूल होतील. नुसती भीती वाटते म्हणून घेत असाल तर आधी फुकटातला प्रयोग करा. जाड पुठ्ठ्यावर मार्करने सात-आठ शब्द लिहा आणि लेन्सच्या बरोब्बर खाली चिकटवा, आणि ट्रायपॉडच्या मागे शेजारचं एखादं पोर गिटार देऊन बसवा, त्याला शिकवा, रेकॉर्डिंग चालू ठेवा. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागेल. मला स्वतःला प्रॉम्प्टर आणि शेजारचं पोर दोन्ही लागतं, पोर दर वेळी मिळत नाही आणि मिळालं तरी वडापाव मागतं.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कापला तो काचेची कुठली बाजू कुठे ते कागदावर छापलेलं नाही म्हणून, आणि एक रिमोटसाठी. त्यात सीआर 2032 सेल लागतो, डब्यातला फार टिकला नाही, आणि वेंगुर्ल्यात तो शोधत फिरायला लागतं. कुडाळला घड्याळवाल्याकडे मिळतो, गेलात तर दोन घेऊन ठेवा.