लहान मुलांसोबत खेळाची संध्याकाळ: पहिला डाव कोणता मांडावा?

घरात चार-पाच वर्षांचं मूल असलं आणि आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून खेळायचं ठरलं, की बहुतेक आईबाबा स्वतःचा लाडका खेळ काढतात. खेळ चांगलाच असतो, पण आपल्याला आठवतो तो आपण दहा-बारा वर्षांचे असतानाचा. खेळ निवडताना मी आधी एकच बघते: हरणाऱ्याचं पुढे काय होतं?

या कसोटीवर मोनोपॉली लगेच बाद होतो. खोक्यावर आठ वर्षांपुढचं वय लिहिलेलं असतंच, पण खरी अडचण वेगळी आहे. दिवाळं निघालं की खेळाडू बाहेर, आणि बाकीचे मजेत खेळत राहतात. त्यात दंडाचे पैसे पटावरच्या ‘फ्री पार्किंग’ या घरात साठवायचा घरगुती नियम असतो. मूळ नियमांत तो नाहीच, आणि त्यामुळे डाव आणखी रेंगाळतो. काही वर्षं कपाटातच राहू द्या.

सापशिडी की लुडो? दोन्ही फाशांचे, पण लहानांसाठी फरक मोठा आहे. सापशिडीत काही ठरवायचंच नसतं, त्यामुळे चार वर्षांचं पोर आणि आजोबा अगदी बरोबरीचे. घरं मोजता आली की झालं. लुडोत मात्र सोंगटी बाहेर काढायलाच सहा लागतो, आणि सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता जवळपास ३ पैकी १ आहे. म्हणजे सगळ्यांच्या सोंगट्या पळताहेत आणि हे बिचारं नुसतं बघतंय. शिवाय साप चावला तर दोष सापाचा, ताईनं सोंगटी मारली की दोष ताईचा! लुडोच हवा असेल तर प्रत्येकाची एक सोंगटी आधीच बाहेर ठेवून सुरुवात करा.

सगळ्यांनी मिळून जिंकायचे किंवा मिळून हरायचे खेळही आहेत. हाबा कंपनीचा, १९८६ साली आलेला ‘ओब्स्टगार्टन’ हा त्यातला जुना आणि चांगला. कावळा बागेत पोचायच्या आत सगळी फळं उतरवायची. तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर सुरुवात करायला याहून सोपं काही नाही, कारण रुसायला समोर कुणी प्रतिस्पर्धीच नसतो. धोका आपल्याकडूनच असतो. ‘अगं, ते नको, हे उचल’ अशी मास्तरकी सुरू झाली की खेळ मोठ्यांचा होतो. आणि माणसाकडून हरायची सवय या खेळांत लागत नाही, ती दुसरीकडे लावावी लागते.

त्यासाठी माझं मत पालथे पत्ते उलटून चित्रांच्या जोड्या जुळवण्याच्या खेळाला. इथे लहान मूल मोठ्यांना खरोखर हरवू शकतं. आपलं अर्धं लक्ष दाराकडे, फोनकडे. ते मात्र मघाशी उलटलेलं बदक कोपऱ्यातून दुसरं, हे पक्कं धरून बसलेलं असतं. मुद्दाम हरायचं नाटक करावं लागत नाही, आणि ते नाटक मुलं फार लवकर ओळखतात. सहा जोड्यांनी सुरुवात करा, पत्ते सरळ रांगांत मांडा. सगळ्या जोड्या सहज सापडू लागल्या की दोन वाढवा.

जेंगा, म्हणजे मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढायचा खेळ, चार-पाच वर्षांपुढे हरकत नाही. ५४ ठोकळे कोसळताना पाडणारा हरतो खरा, पण टाळ्याही बहुतेक तोच पिटतो.

वार ठरवायचा की जमेल तेव्हा खेळायचं? ठरवा. ‘जमेल तेव्हा’ कधी जमत नाही. मात्र वेळ अर्ध्या तासापुढे ताणू नका. ‘अजून एक डाव’ ही मागणी शिल्लक असतानाच पट आवरावा.

राहिला वयातल्या अंतराचा प्रश्न. तीन आणि नऊ वर्षांची भावंडं असतील तर धाकट्याला कच्चा लिंबू करण्यापेक्षा मोठ्या कुणाचा तरी जोडीदार करा आणि फासा त्याच्याच हातात द्या. तीन वर्षांच्या आतलं मूल आसपास असेल तर तोंडात जातील अशा लहान सोंगट्यांचे खेळ ते झोपल्यावरच काढा.