जुनी रहस्यकादंबरी, गायब केलेला फर्मा

एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दडवून ठेवलेल्या गुपितावरची एक रहस्यकादंबरी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी विकत घेतली. ‘सुस्थितीत, सर्व पाने शाबूत’ असे जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते आणि मी विचारल्यावर त्याने शेवटच्या पानाचे छायाचित्रही पाठवले. प्रत्यक्षात आलेल्या प्रतीत पृष्ठ २७२ नंतर थेट पृष्ठ २८९ होते.

मधली १६ पाने म्हणजे छपाईतला एक पूर्ण फर्मा. पुस्तकाची पाने सहसा सुटी छापली जात नाहीत. एका मोठ्या कागदावर ८, १६ किंवा ३२ पाने छापून त्याची घडी घालतात आणि असे फर्मे एकावर एक रचून बांधणी होते. नुसत्या गोंदाने बांधलेल्या पुस्तकाचा गोंद कालांतराने वाळून तडकतो आणि पाने गठ्ठ्याने निखळतात. तसे होणे विक्रेत्याला न कळणे शक्य आहे, आणि एवढेच असते तर मी याला फसवणूक म्हटले नसते. परंतु या प्रतीच्या कण्यात नेमक्या त्याच जागी ताजा पांढरा गोंद भरून दोन्ही बाजूंची पाने जुळवलेली होती, आणि जाहिरातीतल्या मुखपृष्ठावर दिसणारी ठळक घडी माझ्या प्रतीवर कुठेच नव्हती. छायाचित्र एका प्रतीचे होते आणि पाठवली होती दुसरीच.

या प्रकारच्या कादंबरीत गुपित सहसा शेवटच्या पानावर फुटत नाही. ते उपान्त्य प्रकरणांत, एखाद्या वृद्ध नातलगाच्या कबुलीतून किंवा जुन्या पत्रातून उलगडते, आणि शेवटची पाने त्यानंतरची आवराआवर करतात. त्यामुळे पहिले आणि शेवटचे पान दाखवून काहीच सिद्ध होत नाही. मला खुनी कोण ते कळले, पण त्याने तो खून का केला, हे त्या १६ पानांतच राहिले. आता दुसरी प्रत मिळवली तरी पहिल्या वाचनातली उत्सुकता परत मिळणार नाही, आणि पैशांपेक्षा मला याचेच अधिक वाईट वाटते.

जुनी रहस्यकादंबरी घेताना शेवटच्या तृतीयांशातली दोन-तीन पाने आपण स्वतः निवडून त्यांची छायाचित्रे मागावीत, आणि शक्य असल्यास पृष्ठक्रमांक दिसतील अशा रीतीने सगळी पाने उलटतानाचे चित्रीकरण मागावे. कण्याजवळचा भाग अवश्य पाहावा. प्रामाणिक विक्रेता याला नकार देत नाही, असा माझा इतर खरेदींतला अनुभव आहे.

तक्रार मागे घेतल्यास निम्मे पैसे परत करण्याची तयारी या विक्रेत्याने दाखवली. मी ती नाकारली असून गोंदाची आणि दोन्ही मुखपृष्ठांची छायाचित्रे तक्रारीला जोडली आहेत. घडी पडलेल्या मुखपृष्ठाचे तेच छायाचित्र लावून ती कादंबरी त्याच्याकडे अजूनही विक्रीला आहे.