इलेक्ट्रॉनिक तानपुरा: आठ महिने रोज वापरल्यावर

आठ महिने झाले घेऊन, रोज पहाटे पाऊण तास तरी वापर होतो, म्हणून आता लिहितेय. मी गायिका नाही, ऐरोलीला आयटीत नोकरी, राहते घोडबंदर रोडला. लहानपणी नौपाड्यात एका बाईंकडे सात वर्षं गाणं शिकले, गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, मग दहावी आली आणि क्लास सुटला तो वीस वर्षं सुटलाच.

वस्तू चांगली आहे. पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, बदलता येते, बारीक सूर वेगळा लावता येतो, पहिली तार पंचम, मध्यम किंवा निषाद (प, म किंवा नी) अशी ठेवता येते. पावसाळ्यात याचा सूर हलत नाही हे मोठं सुख, बाईंचा मिरजेचा तानपुरा जुलैत दमट हवेने सारखा उतरायचा आणि क्लासची पहिली दहा मिनिटं तो लावण्यातच जायची. तेव्हा कंटाळा यायचा खरं तर. पण आता कळतंय की माझा कान त्याच दहा मिनिटांत तयार झाला, बाई खुंटी पिळताना आम्हाला विचारायच्या, चढा आहे की उतरा, आणि उत्तर चुकलं तरी रागवायच्या नाहीत, परत तार छेडायच्या.

पहिल्या दिवशी मशीन लावलं आणि हात आपोआप काळी चार या पट्टीवर गेला, मालकंस राग म्हणायचा तर पंचम काढून मध्यम लावला. कोणी सांगायला नव्हतं. रागात पंचमच नाही तर तारेत कशाला, हे बाईंनी मी पाचवीत असताना सांगितलेलं.

पलुस्करबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांचे शिष्य देवधर, आणि देवधरांकडे शिकले कुमार गंधर्व, हे बाई इतक्यांदा सांगायच्या की आम्हाला पाठ होतं. परीक्षेचा प्रश्न म्हणून पाठ केलेलं, आता सकाळी खर्ज, म्हणजे खालचा सा, लावताना वाटतं आपल्यापर्यंत पण हे असंच कुणाच्या तरी गळ्यातून आलंय.

तक्रारी दोन. तिसऱ्या महिन्यात ॲडॉप्टर घुंघुं करायला लागला, बदलावा लागला. आणि आतला स्पीकर लहान आहे, खर्ज पोकळ येतो. लाकडी तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो, बाई डोळे मिटून त्याची वाट बघायच्या, तो आल्याशिवाय गाणं सुरू नाही. मला या डब्यात तो महिनाभर सापडला नाही, मग बाहेरचा मोठा स्पीकर जोडला तेव्हा अंधुकसा आला आणि मी तशीच बसून राहिले, गायलेच नाही त्या दिवशी. तर बाहेरच्या स्पीकरचे पैसे धरूनच बजेट करा.

दिवाळीत मशीन घेऊन बाईंकडे गेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, संधिवाताने बोटं वाकलीत, तानपुरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा. मी चालू केलं, वाटलं नावं ठेवतील. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पंचम किंचित चढलाय गं." मला तर बरोबर वाटत होता. बारीक सुराचा नॉब केसभर मागे घेतला, त्यांनी हात वर करून थांबवलं, आणि मग म्हणाल्या, "हं, आता सा लाव."