वेस्टगेट तपासायला हातपंप की कंप्रेसरची हवा?

ट्रकच्या टर्बोचा वेस्टगेट (टर्बोचा दाब वाढला की उघडून एक्झॉस्टचा वायू बाजूने सोडणारी झडप) गाडीवरच तपासायचा तर ॲक्च्युएटरच्या डब्याला, म्हणजे हवेच्या दाबाने रॉड सरकवून ही झडप उघडणाऱ्या भागाला, बाहेरून हवा द्यावी लागते. ती कुठून द्यायची, एवढाच हा प्रश्न. गॅरेजात कंप्रेसर असतोच. त्याला रेग्युलेटर जोडला की काम भागतं. दुसरा मार्ग म्हणजे गेज लावलेला हातपंप. मी पहिली काही वर्षं कंप्रेसर वापरला, आता हातपंप वापरतो. (व्हेरिएबल जॉमेट्रीच्या, म्हणजे आतली पाती वळवून दाब सांभाळणाऱ्या टर्बोला सहसा वेस्टगेट नसतो, त्यामुळे त्या गाड्या इथे धरलेल्या नाहीत.)

कंप्रेसरच्या बाजूने बोलायचं तर खर्च जवळपास शून्य आणि हात मोकळे राहतात. रॉडवर डायल गेज लावून तो किती सरकतो हे एकट्याने निवांत पाहता येतं. पंपाला एक हात अडकतो, हेल्पर बोलवावा लागतो. दिवसाला चार-पाच गाड्या येणाऱ्या ठिकाणी हा फरक लहान नाही.

मग मी तो का सोडला? शिरवळजवळ एक दहा चाकी गाडी आली होती. पुण्याहून साताऱ्याकडे भरून जाताना खंबाटकीच्या चढावर अर्ध्यात ओढ जायची. चावी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ ठीक चालायची. स्कॅनर ओव्हरबूस्ट (टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा जास्त) दाखवत होता, म्हणजे वेस्टगेट वेळेवर उघडत नव्हता आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, इंजिन वाचवायला ताकद कापत होता. मी रेग्युलेटरवर मॅन्युअलमधला दाब लावला. रॉड सुरेख सरकला, रेग्युलेटरच्या गेजचा काटा त्या दाबावरून हलला नाही. ॲक्च्युएटर चांगला म्हणून सोडून दिला आणि सेन्सर, वायरिंग यांच्या मागे लागलो. गाडी आठवड्यात परत आली.

डब्यातल्या डायफ्रॅमला, म्हणजे रबरी पडद्याला, बारीक चीर होती. गळेल तेवढी हवा रेग्युलेटर मागून भरत राहतो, त्यामुळे काटा स्थिर दिसतो आणि गळती झाकली जाते. इंजिनवर मात्र त्या डब्याला बारीक नळीतून हवा येते. तिथे गळती भरून निघत नाही, दाब पडतो आणि झडप उशिरा उघडते. पंपाने दाब देऊन हात थांबवला की मागून भरायला काहीच नसतं. त्याच डब्यावर पंप लावला तेव्हा काटा डोळ्यांदेखत खाली आला. डबा बदलला, गाडी घाट चढून गेली. मालकाच्या दोन फेऱ्या वाया गेल्या, त्या माझ्या चुकीमुळे, याचं आजही वाईट वाटतं.

रेग्युलेटरनंतर कॉक बसवून, त्याच्या पुढे गेज लावून हवा कोंडली तर कंप्रेसरनेही हीच तपासणी होते, हे मान्य. मोठ्या वर्कशॉपने तसं करावंही. पण कॉक, टी, क्लिपा असे सांधे वाढतात आणि गळती डब्याची की आपल्याच जोडणीची, हे साबणाच्या पाण्याने शोधत बसावं लागतं. शिवाय टायर भरायच्या टाकीत 8 ते 10 बार असतात. रेग्युलेटर चुकून उघडा राहिला तर चांगला डायफ्रॅमही फाटू शकतो.

पंपाचा आणखी एक फायदा मला मोलाचा वाटतो. हळूहळू दाब वाढवताना रॉड सरळ सरकतो की अडकून एकदम उडी मारतो, ते कळतं. उडी मारली तर झडपेच्या दांड्याला काजळी किंवा गंज धरलाय असं समजावं. कंप्रेसरचा दाब झटकन आला की ही उडी नजरेतून सुटते, निदान माझ्या तरी सुटायची. दाब सोडल्यावर रॉड पूर्ण मागे येतो का, तेही पाहावं.

पंप घेताना गेज नीट निवडा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा गेजच्या मध्याच्या आसपास यावा. 100 पीएसआयच्या गेजवर 2 पीएसआयचा उतार दिसतच नाही. बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा काही जण सुचवतात, पण त्याचं गेज 300 मिमी पाऱ्यावर संपतं, म्हणजे सहा पीएसआयसुद्धा नाही. आणि दर वेळी डब्याला जोडण्याआधी पंपाच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबून दाब धरतो का ते बघा, कारण पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्हही गळतो.