वहीतले १०५ अंश

वयाच्या ६८व्या वर्षी मी उजवा गुडघा बदलून घेतला. ऑपरेशन चांगलं झालं. फसले ती घरी आल्यावर.

घरी सोडताना तिथल्या फिजिओताईंनी कोनमापक लावलं, गुडघा ८० अंश वाकत होता. "टाच गादीवरून मागे ओढायची, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. दुखेल, पण रोज करायचंच," असं त्यांनी बजावलं. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने मात्र लिफ्टमध्ये हळूच एक नंबर दिला. "हे फिजिओ घरी येतात, आजी. यांचं अजिबात दुखत नाही."

त्या एका वाक्याला मी भुलले. रात्र रात्र पाय ठणकत होता हो.

तो आला. बोलायला गोड, पहिल्याच दिवशी 'आई' म्हणाला. ३० दिवसांचे पैसे आधीच घेतले, पावती 'उद्या देतो'. मग रोज तेच. गुडघ्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी, वर मशीनच्या चिकटपट्ट्या, पायाला मुंग्या, आणि हा अर्धा तास मोबाइलवर. जाताना वहीत आकडा लिहायचा. ८५, ९०, ९५, शेवटी १०५. हातात कोनमापक एकदाही दिसलं नाही. विचारलं तर म्हणे, "आई, आमच्या नजरेला कळतं." मी ते आकडे मुलाला फोनवर कौतुकाने सांगायचे.

एकदा पोटरी सुजून दुखायला लागली, तर हा तेल लावून चोळायला निघाला. सुनेने हात धरला. या ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. अशी पोटरी चोळायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायची. माझी गुठळी नव्हती, नशीब.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी माप घेतलं. पुन्हा घेतलं. ६५. पाय सरळही होईना, १५ अंश वाकलेलाच. "गुडघ्याखाली गुंडाळी कोणी ठेवायला सांगितली?" ठेवायचीच तर ती टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ होतो. गुडघ्याखाली बरं वाटतं, पण तो तसाच आखडतो, आत चिकटत जातो. हे सुरुवातीच्या आठवड्यांत सुटलं तर सुटतं. मला पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवावा लागला.

त्याचा फोन नंतर लागलाच नाही. मुलाने चौकशी केली तेव्हा कळलं, पदवी नाहीच. कुठल्याशा दवाखान्यात मदतनीस होता. पहिल्या दिवशी पदवी आणि नोंदणी विचारली असती तर तो दारातूनच परतला असता. कुणाकडेही जा, पैसे त्या त्या दिवसाचे द्या. आणि नुसतं मशीन लावून कुणी उठत असेल तर त्याला थांबवा, व्यायाम आपल्या पायानेच करावा लागतो.

आता टाच मागे ओढताना डोळ्यांत पाणी येतं. सून कोनमापक धरते, आकडा मी स्वतः वाचते. काल ९८ होता.