बॅट: टर्मिनलमध्ये फाइल वाचणाऱ्यांसाठी

सर्व्हर सांभाळणं हे माझं काम, आणि त्यात लिहिण्यापेक्षा वाचणंच जास्त. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिग, सेटिंग्ज लिहिलेल्या यॅमल फाइली, कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेल्या शेल स्क्रिप्ट, सगळं एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून शिरून. चाळिशीचा चष्मा लागल्यावर एकरंगी मजकुरात नेमकी ओळ सापडेना, म्हणून रंगीत पेजर (मजकूर पानापानाने दाखवणारं साधन) शोधत बॅटपाशी आलो. आता हाती आलेल्या प्रत्येक नव्या मशीनवर आधी हेच टाकतो.

बॅट हे रस्ट भाषेत लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर, २०१८ पासून उपलब्ध. रंगवण्याचे नियम ते सब्लाइम टेक्स्ट या एडिटरच्या धाटणीचे वापरतं आणि पानं उलटायचं काम मात्र लेस या आपल्या जुन्या पेजरकडेच सोपवतं. त्यामुळे स्लॅश दाबून शोधणं, स्पेसने पुढे जाणं, क्यू दाबून बाहेर पडणं, यातलं काहीच नव्याने शिकावं लागत नाही.

रंग इथे शोभेसाठी नाहीत. एसएसएचडीची, म्हणजे एसएसएचच्या सर्व्हरची, कॉन्फिग उघडून बघा. त्यातल्या बहुतेक ओळी हॅश (#) लावून बंद ठेवलेल्या असतात. बॅटमध्ये त्या मागे सरतात आणि खरोखर चालू असलेल्या मोजक्या ओळी डोळ्यांत भरतात. शेल स्क्रिप्टमध्ये एखादं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं असेल, तर तिथून पुढे रंगांची उलटापालट होते: आज्ञा स्ट्रिंगच्या (अवतरणांतल्या मजकुराच्या) रंगात, स्ट्रिंग आज्ञेच्या. चूक कुठे सुरू झाली ते स्क्रिप्ट न चालवताच दिसतं. फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, असेल तर बदललेल्या ओळींपाशी समासात खुणा येतात. आणि मोठ्या ए चा पर्याय दिला की टॅब, स्पेस, विंडोजवरून आलेले ओळींचे शेवट, सगळं उघडं पडतं. यॅमलमध्ये चुकून घुसलेला टॅब शोधायला याच्याइतकं सोपं काही मला माहीत नाही.

आता अडचणी. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजचं नाव बॅटच, पण कमांड मात्र ‘बॅटकॅट’ या नावाने येते, कारण ‘बॅट’ या नावावर दुसऱ्या एका पॅकेजशी टक्कर होते. एक एलियस (कमांडचं टोपणनाव) करून टाका. माझं टर्मिनल पांढऱ्या पार्श्वभूमीचं आहे. नव्या आवृत्त्या पार्श्वभूमी ओळखून थीम निवडतात, जुन्यांना ते जमत नाही आणि फिकट अक्षरं वाचवत नाहीत. तिथे गिटहब नावाची थीम लावा. माउसने मजकूर उचलायचा असेल तर ओळींचे आकडे आणि चौकटही सोबत येते, त्यासाठी छोट्या पी चा पर्याय आहे. पाइपमधून (एका कमांडचा निकाल थेट दुसरीकडे सोडून) मजकूर दिला की फाइलचं नाव नसल्याने भाषा अनेकदा ओळखू येत नाही, ती आपण सांगायची.

मोठ्या लॉगसाठी मात्र मी बॅट वापरत नाही. लेस कित्येक जीबींची फाइल क्षणात उघडतं आणि मोठा जी दाबताच शेवटाला नेतं. बॅटमध्ये लेसला मजकूर पाइपमधून मिळतो, म्हणून शेवट गाठायचा तर आधी सगळी फाइल रंगवून पुढे सरकावी लागते. त्याच कारणाने लेसमधून व्ही दाबून फाइल थेट एडिटरमध्ये उघडण्याची सोयही जाते, आणि ती मला खरंच खटकते.

ती सोय हवी असणाऱ्यांसाठी जुना मार्ग शाबूत आहे: ग्नूचं सोर्स-हायलाइट हे रंगवणारं साधन टाकायचं, लेसओपन या व्हेरिएबलमध्ये त्याची स्क्रिप्ट द्यायची आणि लेसला मोठ्या आर चा पर्याय लावायचा, नाहीतर रंगांऐवजी एस्केपचे कोड दिसतात. इथे लेसला मूळ फाइल माहीत असते, त्यामुळे व्ही दाबल्यावर एक इशारा देऊन ती एडिटरमध्ये उघडते. रंगसंगती आणि गिटच्या खुणा यांमुळे माझं मत तरीही बॅटलाच.

ज्या सर्व्हरवर नवं काही टाकायची परवानगीच नाही, तिथे विम हा एडिटर पूर्ण रूपात आहे का ते बघा. ‘व्ह्यू’ या कमांडने फाइल फक्त वाचण्यासाठी उघडते, आणि रंग दिसत नसतील तर ‘सिंटॅक्स ऑन’ दिलं की येतात.